कोकमाच्या सालांनी गार झालेला समुद्र

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉ. आम्रपाली साळवी मॅडम. प्रमुख पाहुणे, सरांच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आणि आता बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ असलेले जितेशभाऊ कदम. आजचे सत्कारमूर्ती, भूगोल विभागाचे प्रमुख प्राध्यापक गोमाजी ढेबे सर. तीनदा बोलावूनही व्यासपीठावर न आलेल्या आणि पहिल्या रांगेतून सगळ्यांवर लक्ष ठेवून असलेल्या सरांच्या पत्नी बनुबाई काकू. सर्व प्राध्यापक, कर्मचारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि मागच्या दाराशी उभं राहून जेवण सुरू कधी होतं याचा अंदाज घेणारे मान्यवर, सर्वांना नमस्कार.

मी संजीवनी उतेकर. गाव तुडील. याच महाविद्यालयातून बाहेर पडले आणि सध्या गोव्यातल्या एका संस्थेत समुद्राच्या तळाचा चिखल तपासते. जितेशभाऊंनी आत्ताच माझी ओळख 'समुद्रशास्त्रज्ञ' अशी करून दिली. ते मोठं नाव झालं. माझं रोजचं काम चिखल धुण्याचं आहे.

मला भाषणाची सवय नाही. सरांनी परवा फोनवर सांगितलं, "तू बोलायचंस. आणि गुळगुळीत बोलायचं नाहीस." त्यामुळे पुढच्या काही मिनिटांत जे बोलेन त्याला सरांची परवानगी आहे, हे काकूंनी कृपया लक्षात घ्यावं.

आता मुद्दा. जितेशभाऊ भाषणात म्हणाले की, सरांचा शोधनिबंध परदेशी मंडळींनी परत पाठवला, त्यांना आपल्या कोकणी माणसाची कदर नाही. टाळ्याही पडल्या. महाड बाजारपेठेत तर मी याहून पुढची आवृत्ती ऐकली. तिच्यात इंग्रजांचाही हात आहे. जितेशभाऊ, आभारी आहे, पण हे खरं नाही. निबंध कोणी परत पाठवला नाही. तो जवळजवळ स्वीकारला गेला होता. सरांनी तो स्वतः परत घेतला. निवृत्तीच्या महिन्यात, हातात आलेला, आयुष्यातला सर्वात मोठा निबंध. का घेतला ते सांगण्याची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली आहे. सर, अजून वेळ आहे. थांबवायचं असेल तर थांबवा.

सर हसताहेत. म्हणजे चालू ठेवते.

सरांचे विद्यार्थी असाल तर त्यांचं एसटी गाडीचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. नसाल तर थोडक्यात सांगते. अटलांटिक महासागरात उष्ण प्रदेशातलं कोमट, खारट पाणी वरच्या थरातून उत्तरेला जातं. तिथे ते गार होतं, जड होतं, बुडतं आणि खोल तळातून परत दक्षिणेकडे येतं. या फिरण्यात उष्णतेची मोठी वाहतूक होते. आता मागचं हिमयुग संपत असताना काय झालं? उत्तरेत बर्फ वितळला, गोडं पाणी समुद्रात आलं, वरचं पाणी हलकं झालं आणि बुडेना. फिरणं मंदावलं. उत्तरेकडचा प्रदेश आणखी गारठला. मग जी उष्णता उत्तरेला जायची होती तिचं काय झालं?

सर फळ्यावर पोलादपूर स्टँड काढायचे. "आंबेनळी घाटात दरड आली, महाबळेश्वरची गाडी बंद. मग माणसं कुठे राहिली? स्टँडवरच! गर्दी वाढली. तशी उष्णता मागेच राहिली. उष्ण प्रदेशातला समुद्र तापला."

सगळा वर्ग लिहून घ्यायचा. मी दुसऱ्या बाकावर होते. मी विचारलं, "सर, पण तुडीलच्या थांब्यावर काय झालं? ती गाडी तुडीलला येतच नाही."

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. खडू हातात तसाच धरून म्हणाले, "म्हणजे अरबी समुद्र."

"हो सर. तो अटलांटिकच्या रस्त्यावर नाही."

"बरोबर." मग खडू खाली ठेवून म्हणाले, "ते मला माहीत नाही. बघायला पाहिजे."

त्या 'बघायला पाहिजे'ला बारा वर्षं झाली. एका विद्यार्थिनीच्या आगाऊ प्रश्नाला कोणी बारा वर्षं देतं का? सरांनी दिली. मी गोव्याला गेले, संस्थेच्या जहाजाने रत्नागिरीसमोरच्या समुद्रातून नळी रोवून चिखलाचा लांब दांडा वर काढला, आणि तो उभा चिरून अर्धा सरांच्या प्रयोगशाळेत धुवायला आला. उरलेला अर्धा संस्थेच्या शीतगृहात राहिला. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली, एक बेसिन, एक सूक्ष्मदर्शक आणि सरांच्या पितळी चाळण्या.

चिखल का धुवायचा? त्यात खसखशीच्या दाण्याएवढ्या समुद्री जीवांची कवचं असतात. जीव जगला तेव्हा पाणी जितकं कोमट, तितकं त्याच्या कवचात मॅग्नेशियम जास्त. चुन्याच्या कवचातलं मॅग्नेशियम मोजलं की त्या काळच्या समुद्राचा ताप मोजल्यासारखं होतं. सर आणि त्यांचे विद्यार्थी चिखल चाळून कवचं वेचायचे, मी गोव्यात मोजायचे.

आकडे आले. सरांचं म्हणणं होतं, समुद्र तापला असणार. आकडे म्हणाले, गार झाला. तोही थोडाथोडका नाही, अडीच अंश. सरांनी मला फोन करून विचारलं, "तुझं यंत्र बरं आहे ना?" पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. नंतर महिनाभर तेच. यंत्राची इतकी आस्थेने चौकशी माझ्या संस्थेतही कोणी करत नाही. शेवटी सरांनी मान्य केलं. स्वतःचं मत बाजूला ठेवलं आणि आकड्यांच्या बाजूने निबंध लिहिला. अटलांटिकचं फिरणं मंदावलं तेव्हा वारे बदलले, आपला पाऊस अशक्त झाला आणि आपला समुद्र गारठला. मोठा सुंदर निबंध होता. परीक्षकांना आवडला. त्यांनी एकच साधी मागणी केली, थोडे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत धुवून पुन्हा मोजा.

मी शीतगृहातल्या अर्ध्या दांड्यातून नमुने घेतले, गोव्यात धुतले, मोजले. गारवा गायब.

आधी मीही माझ्या यंत्रावरच संशय घेतला. पुन्हा मोजलं. मग दोन्हीकडची कवचं शेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. गोव्यात धुतलेली टणक, चकचकीत होती. महाडमध्ये धुतलेली कोणीतरी चोखून ठेवलेल्या खडीसाखरेसारखी होती. कडा गोल झालेल्या, पापुद्रा पातळ.

मी न कळवता महाडला आले. शनिवार होता. जिन्याखालच्या खोलीत सर शर्टाच्या बाह्या दुमडून बेसिनपाशी उभे होते, आणि चाळणी घासत होते.

आता एक विनंती करते. सरांच्या विभागात असताना शनिवारी चाळण्या घासल्या असतील त्यांनी कृपया हात वर करावेत. लाजू नका. जितेशभाऊ, तुमचाही. कारखान्यात रोज पाण्याची आम्लता तपासता ना? वर करा हात. आणि मागे भिंतीपाशी पूजा बसली आहे, तीन वर्षांपूर्वीची तुकडी. तू दोन्ही वर कर.

धन्यवाद. माझा हात वर नाही. शनिवारी दुपारची तुडीलची गाडी चुकली की मला संध्याकाळपर्यंत थांबावं लागायचं, म्हणून मी घासण्यातून सुटायचे. यात माझं काही श्रेय नाही, आभार एसटीचे.

तर मी विचारलं, "सर, हे काय?"

"चाळणी."

"हातात काय आहे?"

"कोकमाची सालं. बनूने पाठवलीत. यंदा चांगली आंबट आहेत."

सरांनी माझ्याकडे बघितलं, सालांकडे बघितलं. हे तेच सर आहेत, जे पहिल्या वर्षाच्या मुलांना चुनखडीवर आम्ल टाकून फेस दाखवतात. त्यांनी नळ बंद केला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अडीच अंश."

"म्हणजे सगळंच."

"हो सर."

आंबटाने चुना विरघळतो. त्यातही मॅग्नेशियम जास्त असलेला भाग आधी विरघळतो. उरलेलं कवच मग थंड पाण्यातलं वाटतं. चाळणीच्या जाळीत राहिलेल्या कोकमाने एवढं केलं.

इथे विज्ञान शाखेतलं कोणीतरी मनात म्हणत असेल, सगळ्याच थरांना सारखं कोकम लागलं तर सगळेच सारखे गार दिसतील, मग फरक कसा आला? प्रश्न योग्य आहे. एरवी सर शनिवारी घासायचे आणि सोमवारपर्यंत चाळणीतून भरपूर पाणी जायचं. पण तीन वर्षांपूर्वी महाविद्यालयात तपासणी समिती येणार होती. सर्व विभाग लखलखीत दिसले पाहिजेत, असा आदेश निघाला. आदेश कोणाचा होता, ते मी व्यासपीठावर बसलेल्यांपैकी कोणाकडेही न बघता सांगते. सरांनी चाळण्या रोज घासायला घेतल्या. रात्री कोकमात भिजत, सकाळी एकदा खळखळून काढल्या की लगेच चिखल. आणि त्याच दिवसांत नेमका कोणता चिखल धुवायला होता? अटलांटिकचं फिरणं मंदावलं त्या काळातला. समितीने प्रयोगशाळेच्या स्वच्छतेबद्दल विशेष शेरा दिला होता, हे नोंदवते.

पण सर चाळणी इतकी का घासायचे? मी हे विचारलं होतं. सरांचा जन्म पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या वाडीतला. घरी म्हशी. दुधाची पितळी भांडी रोज आंबटाने घासायची, हे त्यांचं लहानपणचं काम. भांड्यावर जरा काळपट डाग राहिला की आई दूध ओतूच द्यायची नाही. सर म्हणाले, "मला पितळ मळलेलं दिसलं की आत घातलेलं नासणार असंच वाटतं." दुधाच्या बाबतीत हे बरोबर होतं. दूध चुन्याचं नसतं, एवढाच फरक.

त्या दिवशी मी सरांच्या घरी जेवायला थांबले. सर जेवले नाहीत. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. काकू, मी तुमचेच शब्द वापरते. चुकलं तर तिथूनच सांगा.

काकू म्हणाल्या, "गो संजू, तू आलीस आनि ह्यांचं तोंड बंद झालं. काय सांगितलंस त्यांना?"

मी सांगितलं. सगळं, मॅग्नेशियमसकट.

काकूंनी ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे माज्या सालांनी समुद्र गार झाला?"

"समुद्र नाही काकू. आकडा."

"आकडा होय! मंग येवढं काय तोंड पाडून बसायचं?" आणि बाहेर सरांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पस्तीस वर्सं झाली लग्नाला, घरातली येक वाटी घासली नाय कधी. आनि समुद्राची भांडी घासत बसलेत!"

बाहेरून सरांचा आवाज आला, "बनू, मला ऐकू येतंय."

"यायलाच पायजे!"

काकू मान हलवताहेत. म्हणजे शब्द बरोबर आहेत.

मग सर आत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "निबंध परत घ्यायचा."

मी म्हटलं, "घेऊ. पण तुमचा निरोप समारंभ होऊ दे. नंतर जूनमध्ये पत्र लिहू. कोणाचं नुकसान होत नाही." मी हे दयेपोटी म्हटलं असं कोणी समजू नये. वेळापत्रकाच्या दृष्टीने ते सोयीचं होतं.

सर म्हणाले, "जूनमध्ये मी कोण? आज मी विभागप्रमुख आहे. चूक विभागप्रमुखाने केली, तर निबंधही त्यानेच परत घ्यायला नको का?"

"लोक विचारतील, सर. हारतुरे होतील आणि त्यातच कोणीतरी निबंधाचं विचारेल."

"विचारतील तर तू सांग. तुला गोड बोलता येत नाही, ते बरं आहे."

हे कौतुक आहे असं मी धरून चालते.

आता कोणी म्हणेल, अठरा हजार वर्षांपूर्वीचा समुद्र अडीच अंश गार की गरम, महाडला काय फरक पडतो? बाजारपेठेतल्या भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. ती दाखवत लोक मला विचारतात, "पुढं पाऊस कसा राहील, ते सांग." अटलांटिकचं ते फिरणं पुढे पुन्हा मंदावू शकतं अशी शास्त्रज्ञांना काळजी आहे. तसं झालं तर आपल्या समुद्राचं आणि पावसाचं काय होईल, याचं गणित संगणक मांडतात. ते गणित बरोबर आहे का, हे तपासायला मागे काय झालं तेच हाताशी आहे. त्या तपासणीत आपला कोकमाचा आकडा गेला असता. कोणाला कळलंही नसतं, कारण निबंध खरोखर सुंदर होता. सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही ते यामुळे. निबंध गेल्याचं दुःख नंतरचं.

आता उरलेली गोष्ट, आणि ही सरांना अजून माहीत नाही. काल त्यांनी मला दोनदा विचारलं, मी विषय बदलला. शीतगृहातल्या अर्ध्या दांड्यातले आणखी काही नमुने मी धुतले. त्या काळातले आणि त्याच्या आधीचे. आकडे गुरुवारी आले. सर, समुद्र गार झालेला दिसत नाही. किंचित कोमट दिसतो. शून्य पूर्णांक सहा अंश.

सर, बसा. सर, सत्कारमूर्तींनी मध्येच उठून प्रश्न विचारायचे नसतात. मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून सांगते, सरांनी विचारलं, "मोजण्यात चूक किती धरायची?"

एक अंश, सर. कमी किंवा जास्त. म्हणजे वाढीपेक्षा चूकच मोठी.

बघा. आपलं सुरुवातीचं मत बरोबर ठरतंय असं वाटल्यावर माणूस काय म्हणेल? सर खाली बसता बसता म्हणाले, "मग काही सांगता येत नाही." तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. मला भाषणात सरांच्या शास्त्रीय वृत्तीवर एक परिच्छेद घालायला सांगितला होता. तो आता वगळते.

तर आजच्या घडीला उत्तर असं. अडीच अंश गार झाला का? नाही. तापला का? माहीत नाही. माहीत व्हायला आणखी बरेच नमुने धुवावे लागतील. माझ्या संस्थेत त्यासाठी माणूस नाही. सरांना उद्यापासून वेळ आहे. अडचण एकच आहे. जिन्याखालची खोली एक तारखेपासून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला द्यायची, असं ठरलं आहे.

अध्यक्ष महोदया, तुमच्याविषयी आम्हा सर्वांना आदर आहे. तुमच्या काळात महाविद्यालय लखलखीत झालं, याचा पुरावा आमच्या आकड्यांतसुद्धा आहे. उत्तरपत्रिका कुठेही राहू शकतात. त्यांना नळ लागत नाही. चिखलाला लागतो. ती खोली आणि बेसिन दोन वर्षं सरांकडे राहू द्यावं. पगार नको, मानधन नको, पाटीसुद्धा नको. चाळण्या मी स्टीलच्या पाठवेन.

प्राचार्या मॅडम काकूंकडे बघताहेत. काकू, तुमची हरकत?

काकू म्हणताहेत, "न्या गो! घरात ठेवून काय करू त्यांचं? गोठ्यातल्या म्हशी बी कंटाळतील."

मॅडमनी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, ते मला इथून नीट दिसलं नाही. मॅडम, कृपया पुन्हा एकदा.

उभी. सभागृह साक्षीला आहे. जितेशभाऊ, टाळ्या आता वाजवल्या तर योग्य होईल.

मला बोलायला दिल्याबद्दल संयोजकांचे, शांतपणे ऐकल्याबद्दल तुमचे आणि हात वर केल्याबद्दल सरांच्या सगळ्या तुकड्यांचे आभार. काकूंचे वेगळे आभार. त्यांनी मला आज दोनदा दुरुस्त करायची संधी असूनही केलं नाही. आणि सर, तुमचे आभार मी मानत नाही. तुम्हाला ते आवडत नाही, मला ते जमत नाही.

अशा प्रसंगी शेवटी म्हणतात की, बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घालावं. माझी विनंती उलट आहे. पोटात घालू नका. एखादा आकडा चुकला असेल, कोणाचे शब्द चुकीचे सांगितले असतील, तर आत्ता उठून सांगा. सरांपासून सुरुवात करू. मी अजून माइक सोडलेला नाही.